कललेल्या दगडाचे सर

आदिलाबादच्या आमच्या मराठी शाळेत चित्रकलेचा तास सुरू होण्यापूर्वी सर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हातात धरून दाराशी उभे राहत. वर्गात शिरणाऱ्या प्रत्येकाने आपला खोडरबर त्या डब्यात टाकायचा आणि मगच आत जायचे, असा नियम होता. माझा खोडरबर अर्धा होता. तो ब्लेडने कापलेला होता आणि त्याचा दुसरा अर्धा भाग माझ्या धाकट्या बहिणीच्या दप्तरात असे. तो डब्यात पडताना आवाजही होत नसे. तरीही सर दर वेळी मान हलवून त्याची पोच देत.

"रेघ चुकली तर पुसायची नाही," ते सांगत. "बरोबर रेघ तिच्या शेजारी काढायची. चुकलेली समोर दिसत राहिली, की हात पुन्हा तिथं जात नाही."

हा नियम त्यांनी आम्हांला शंभर वेळा सांगितला असेल. त्याचा पूर्ण अर्थ मला पुढे वीस-एक वर्षांनी, चुन्या-सिमेंटच्या ढिगाऱ्याशेजारी उभी असताना कळला. त्या दिवसाविषयी मला लिहायचे आहे. परंतु त्याआधी सर कसे होते ते सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय तो दिवस समजणार नाही.

मुले त्यांना 'एकडोळे सर' म्हणत. त्यांचे दोन्ही डोळे तेव्हा उत्तम होते. मात्र कोणतीही वस्तू बघताना ते डावा डोळा मिटत, उजवा हात ताठ समोर धरत आणि हातातल्या पेन्सिलीवर अंगठा सरकवून त्या वस्तूची उंची घेत. चित्र काढणाऱ्या माणसाची ही साधी रीत आहे. सरांचे वेगळेपण असे, की ते ती रीत शाळेबाहेरही सोडत नसत. बाजारात भोपळा घेताना ते पेन्सिल उगारत आणि भाजीवाली ओरडे, "ओ सारू, मारते का काय भोपळ्याले!" मुख्याध्यापक रागावून बोलत असताना एकदा त्यांनी असेच हात लांब करून मुख्याध्यापकांचेच माप घेतले होते. मुख्याध्यापकांचे बोलणे मध्येच थांबले आणि पुढे काय बोलायचे ते त्यांना आठवेना.

दुसरी एक सवय होती. आमच्या वर्गाच्या भिंतीवर चांगला मोठा फळा होता. सर त्यावर कधीही काही काढत नसत. ते तीन पायांचा एक लाकडी स्टँड आणि त्यावर टेकवायचा लहान फळा घेऊन येत, आणि हे ओझे स्वतःच उचलत. हैदराबादहून तपासणीसाठी आलेल्या एका साहेबांनी त्यांना विचारले, की भिंतीवर फळा असताना हा खटाटोप कशासाठी? सरांनी शांतपणे उत्तर दिले, "सर, भिंतीवरचा फळा फक्त समोरून दिसतो." साहेबांना ते उत्तर समजले नाही. आम्हांलाही समजले नाही. मात्र त्या दिवशी सरांनी स्टँड आडवा फिरवून ठेवला आणि आमच्याकडून तो बाजूने काढून घेतला: पुढचे दोन पाय, मागचा कललेला तिसरा पाय आणि त्यावर रेललेला फळा. आम्हांला वाटले, साहेबांच्या प्रश्नाने गोंधळून सरांना दुसरे काही सुचले नाही.

आता थडग्याविषयी.

गावाच्या मावळतीकडच्या टोकाला एक लहान दगडी चर्च होते आणि त्याच्या आवारात दहा-बारा जुन्या कबरी होत्या. त्यांपैकी एक वेल्स देशातून आलेल्या चित्रकाराची होती. तो निजामाच्या अमदानीत इकडची जंगले आणि धबधबे रंगवायला आला, इथेच हिवतापाने आजारी पडला आणि इथेच गेला, एवढीच माहिती गावाला होती. त्याची चित्रे जिल्ह्यात कोणीही पाहिलेली नव्हती. त्याचे नाव दगडावर कोरलेले होते. परंतु आमच्यापैकी कोणाच्याही जिभेवर ते नीट बसत नसे, म्हणून सगळे त्याला 'साहेब' म्हणत.

थडगे साधे होते. गुडघाभर उंचीचा ओटा होता. ओट्याच्या एका टोकाला चार फुटांचा काळा दगड होता. त्यावर नाव आणि नावाखाली पानासारखे काहीतरी कोरलेले होते. त्या पानाला एक भोक होते. गावातले लोक त्याला विड्याचे पान म्हणत. ते रंग कालवायची पाटी आहे आणि भोक अंगठ्यासाठी आहे, हे सरांनी आम्हांला शिकवले. त्या दगडासमोर, ओट्यावरच, तीन-साडेतीन फुटांवर, आणखी एक लहानसा चौकोनी दगड होता. बसायला अगदी योग्य उंचीचा होता तो. सर तिथे कोणालाही बसू देत नसत.

"उठ, उठ," ते म्हणत. "तिथं साहेब बसतात."

त्यामुळे साहेबांचे भूत आहे अशी अफवा शाळेत पक्की झाली. सरांनी ती कधी खोडून काढली नाही; खोडण्याचा त्यांना एकूणच तिटकारा होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली, की आठवीचा वर्ग सरांमागून चर्चकडे निघे. सर फाटकाशी छत्री मिटत, थडग्यापाशी जाऊन किंचित वाकत आणि म्हणत, "नमस्कार साहेब. मुलं आणलीत." मग कडुनिंबाच्या काडीने कोरलेल्या अक्षरांतली धूळ काढत. सर स्वतः सीमेजवळच्या एका गावातल्या शेतकरी कुटुंबातले. गळ्यात तुळशीची माळ असे. चर्चच्या दारात त्यांना बघून कोणीतरी एकदा विचारले, "मास्तर, तुमी किरिस्ताव झाले का?" सर म्हणाले, "नाही बा. म्या अजून चित्रकलेतच हाव."

प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एकदा, सलग चार शनिवार बसून, ते थडगे काढायचे असे. प्रत्येकाची जागा ठरलेली असे आणि त्या जागेवर सर खडूने आकडा घातलेला एक खडा ठेवत. बाकीची सगळी चित्रे वर्षअखेरीस परत मिळत. थडग्याची मिळत नसत. "ही साहेबांची आहेत," असे म्हणून सर ती जपून ठेवत. त्यांनी स्वतः मात्र ते थडगे कधीही काढले नाही. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "मी काढलं, तर तुम्ही दगड बघणार नाही. माझा कागद बघाल."

माझ्या वाट्याला बाजूची जागा आली, आणि त्याचे कारण माझी आई होती. शाळेची चिठ्ठी घरी नेली तेव्हा आई जोंधळे पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले.

"मसनात? पोरीले? काऊन, शाळेत काढाले दुसरं काई राह्यलं नाही का? लोटा काढा, आंबा काढा!"

आमच्या घरात शिकण्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती. वडील कचेरीत शिपाई होते आणि विहारातल्या प्रत्येक बैठकीत मुलींच्या शिक्षणावर बोलत असत. पण स्मशान हा विषय आईच्या अखत्यारीतला होता आणि तिथे वडीलही गप्प बसले. पहिला शनिवार माझा चुकला. सोमवारी संध्याकाळी सर स्वतः आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. आईने पदर सावरून नमस्कार केला, तर सरांचा डावा डोळा मिटलेला आणि हात समोर ताठ.

"बाप्पा, हे काऊन एक डोळा मिटून पाहून राह्यले?" आईने मला हळूच विचारले, पण सरांनी ऐकले.

"ताई, तुमचं दार मोजून राह्यलो. बरोबर काटकोनात हाय. कोनं बसवलं?"

"म्याच बसवलं, आन् पोरीच्या बापानं. गवंडी आला नाही तवा."

"मंग आईच्या हातात काटकोन हाय, तर पोरीच्या हातात काऊन येनार नाही? येऊ द्या तिले."

"मास्तर, आमच्यात बायामानसं मसनात नाही जात."

"मानूस तर कवाच गेला, ताई. आता दगड राह्यला. दगडाले सुतक नसते."

आईने पुन्हा एकदा आपल्या दाराकडे पाहिले. शेवटी ती म्हणाली, "बरं. पन आल्यावर आंगोळ करा लागंन तिले."

"करू द्या," सर म्हणाले. "हातावरचं शिसं बी निघंन."

अशा रीतीने परवानगी मिळाली. परंतु तोवर समोरच्या आणि सावलीतल्या सगळ्या जागांवर खडे पडले होते. उरली होती ती बाभळीजवळची, थडग्याच्या कुशीकडची जागा. तिथून ना अक्षरे दिसत, ना पान. दगडाची फक्त जाडी दिसे, आणि त्याच्या मागे उभा असलेला एक अरुंद, लांबट दगड.

मी एक डोळा मिटला, पेन्सिल धरली आणि जसे दिसले तसे काढले. माझ्या पहिल्या शनिवारी कागदावर आले ते असे: मुख्य दगड मागे कललेला होता, आणि मागचा लांबट दगड त्याला टेकू देत होता.

पुढचा आठवडाभर मला त्या चित्राची लाज वाटत राहिली. ती का वाटली, हे आज मी नीट सांगू शकते. आमच्या घरी वाकडे काही असणे परवडण्यासारखे नव्हते. भांग सरळ, गणवेशाच्या घड्या सरळ, वहीतला समास सरळ. कोणाला बोट ठेवायला जागा मिळू नये, ही आईची शिस्त होती आणि तिच्यामागे आमच्या वस्तीचा सगळा अनुभव होता. एवढ्या मोठ्या साहेबाचा दगड खचलेला असावा आणि तो मी तसाच काढावा, हे मला माझ्याच हातची चूक असल्यासारखे वाटले. दुसऱ्या शनिवारी मी दप्तराची कड धरून त्या रेघेशेजारी गडद, अगदी ताठ उभी रेघ ओढली. दगड सरळ झाला. टेकू मात्र त्यापासून सुटून एकटाच उभा राहिला. मी त्याला गवत काढले आणि झाकून टाकले. पहिली रेघ पुसायची फार इच्छा होती. पण खोडरबर डब्यात होता.

सरांनी चित्र दोन्ही हातांनी धरून कितीतरी वेळ पाहिले. खाली तांबड्या पेन्सिलीने लिहिले: 'पहिली रेघ खरी. दुसरी शिकवलेली.' गुण दिले दहापैकी पाच. ते कोणत्या रेघेचे, ते त्यांनी लिहिले नाही आणि मी विचारले नाही. मला वाटले, सरळ रेघेचे असावेत.

दहावीनंतर काय करायचे, हा प्रश्न आमच्या घरी दोन महिने चालला. सरांनी तो एका वाक्यात संपवला. "तू चित्रकार होणार नाहीस," ते मला म्हणाले. मी खाली बघू लागले, तेव्हा त्यांनी वाक्य पूर्ण केले, "पण तू मोजतेस. पुष्कळ लोक न मोजताच सांगतात. गणित घे." शिक्षक-प्रशिक्षणाचा तेलुगूतला अर्ज त्यांनीच माझ्याकडून ओळ न् ओळ भरून घेतला. मी गणिताची शिक्षिका झाले ती त्या वाक्यामुळे. उटनूरच्या पुढे, जंगलपट्ट्यातल्या शाळेत रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी मुलांना सांगितले, की चुकलेली पायरी खोडायची नाही, बरोबर पायरी तिच्याखाली लिहायची. ते माझे शिकवणे नव्हते, सरांचे होते.

आणि मग अनेक वर्षांनी एका शुक्रवारी, बसच्या कंडक्टरच्या हाती, घडी घातलेला एक कागद माझ्या शाळेत आला. अक्षर दुसऱ्या कोणाचे तरी होते, मजकूर सरांचा होता: 'साहेबांचा दगड पडला आहे. उद्या मिस्त्री चुकीचा बसवील. मला दिसत नाही. तू ये.'

शनिवारी पहिल्या बसने मी निघाले. सर त्यांच्या भाड्याच्या खोलीत, दाराशी, छत्री मांडीवर घेऊन बसले होते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. माझ्या पावलांच्या आवाजाकडे त्यांनी चेहरा वळवला, आणि तेव्हाही सवयीने डावा डोळा मिटला.

हकीकत अशी होती. वादळात चिंचेची फांदी कोसळून थडग्याचे लहान दगड जागचे निघाले होते आणि मोठा दगड उखडला होता. तो फुटला नव्हता, हे नशीब. त्याच सुमारास चर्चच्या आवाराला भिंत घालायचे काम निघाले होते, आणि भिंतीच्या मिस्त्रीकडूनच दगड पुन्हा बसवून घ्यायचे ठरले. आडवा पडलेला दगड बघून सगळ्यांचे म्हणणे एकच: आता सिमेंटमध्ये नीट, सरळ उभा करू. एकट्या सरांचे म्हणणे निराळे होते. तो दगड खचलेला नव्हता, कलता बसवलेलाच होता.

"तो दगड म्हणजे चित्राचा फळा आहे," सर मला म्हणाले. "मागचा टेकू म्हणजे स्टँडचा तिसरा पाय. समोरचा चौकोनी दगड म्हणजे बसायचं स्टूल. त्यानं स्वतःसाठी थडगं नाही सांगितलं, बसायची जागा सांगितली. सिमेंटमध्ये एकदा सरळ झाला, की मग ते कोणालाच कधी दिसणार नाही."

"सर, हे तुम्ही आम्हांला वर्गात का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर सगळ्यांनी तेच काढलं असतं. मग ते बघणं झालं नसतं." मग ते म्हणाले, "चूक झाली. आता माझ्या एकट्याच्या शब्दावर कोण ऐकतं? चर्चमध्ये जुना फोटो आहे, तो समोरून काढलेला. समोरून कल दिसत नाही. आणि मी तर थडग्याशी बोलणारा माणूस."

त्यांनी छत्रीच्या टोकाने कोपऱ्यातली ट्रंक दाखवली. ते माझ्याकडे काय मागत होते ते मला कळले.

"ट्रंक उघड," ते म्हणाले. "बाजूच्या जागेवर एकूण अकरा मुलं बसली. दहाजणांनी दगड पहिल्यापासून सरळच काढला. मी प्रत्येकाच्या कागदावर लिहिलं, 'पुन्हा बघ.' तुझ्या एकटीच्या कागदावर दोन रेघा आहेत."

ट्रंकेत वर्षांप्रमाणे गठ्ठे होते. प्रत्येक गठ्ठ्याला निराळी गाठ मारलेली, म्हणजे हाताला ओळखू यावी. सरांनी गाठी चाचपून योग्य गठ्ठा दिला. तळाशी तो बिस्किटांचा डबाही होता. त्यात न नेलेले, राहून गेलेले काही खोडरबर होते. सगळे दगडासारखे कडक आणि काळपट झालेले. त्यांत माझा अर्धा तुकडा होता की नाही, ते मला सांगता येणार नाही.

चित्र मिळाले. ते घेऊन, सरांचा हात धरून, मी चर्चच्या आवारात पोहोचले. मिस्त्री सिमेंट कालवायच्या तयारीत होता. चर्चचे पाद्री, ज्यांना तिथली तेलुगू मंडळी अय्यगारु म्हणत, ते तरुण होते आणि सज्जन होते. त्यांनी सरांसाठी खुर्ची मागवली.

"टीचरम्मा," ते हिंदीत म्हणाले, "सार का दिल दुखाना मेरेकू भी अच्छा नहीं लगता. मगर सब लोग बोलते, पत्थर धँस गया था. कबर चित्र का स्टँड कैसे होगी?"

"और टेढ़ा लगाया तो मेरा नाम जाता," मिस्त्री म्हणाला. "देखने वाले बोलेंगे, मिस्त्री सेंधी पी के आया था."

मी त्यांच्यासमोर कागद उलगडला. आणि इथे मला मोठ्याने एक कबुली द्यावी लागली. ती माझ्या वयाच्या शिक्षिकेला सोपी नव्हती. मी म्हणाले, "यातली ही गडद रेघ खोटी आहे. ती मी ओढली. ही पुसट रेघ मी बघून काढलेली आहे."

अय्यगारुंनी कागद जवळ घेतला. "मगर झुकाव कितना था, ये इससे कैसे मालूम होगा?" त्यांचा प्रश्न योग्य होता. मी पुसट रेघेकडे बघत राहिले. आणि मग माझे लक्ष शेजारच्या, इतकी वर्षे मला टोचत आलेल्या, गडद रेघेकडे गेले. ती दप्तराची कड धरून ओढली होती. ती ओळंब्याइतकी ताठ होती. म्हणजे खऱ्या दगडाचा कल किती, ते सांगायला कागदावर ओळंबा लागत असेल, तर तो माझ्या खोट्या रेघेच्या रूपाने तिथे हजरच होता. पर्समधला कोनमापक काढून मी दोन रेघांमधला कोन मोजला. अठरा अंश भरला.

त्यांपैकी एक जरी रेघ मी त्या दिवशी पुसू शकले असते, तर कोन मोजायला काही उरले नसते.

"कागज़ ठीक है," मिस्त्री म्हणाला, "मगर टेका किधर है? टेका नहीं तो पत्थर पीछे गिरेगा."

चित्रात गवताआड टेकू दिसत होता. त्याची उंची दगडाच्या दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे अडीच फूट. दगडांच्या ढिगात आम्ही तो शोधला. ढिगात तो नव्हता. मिस्त्रीने डोके खाजवले आणि नव्या भिंतीच्या कोपऱ्याकडे बघितले. तो लांबट दगड सकाळीच भिंतीच्या पायात घातला गेला होता.

"चुना अभी गीला है," तो स्वतःशीच पुटपुटला आणि पहार घेऊन खाली उतरला.

दगड बाहेर आला. मिस्त्रीने त्यावरचा चिखल ओल्या पोत्याने पुसला, आणि त्याच्या वरच्या टोकावर त्याचा अंगठा थांबला. ते टोक तुटलेले नव्हते. छिन्नीने तिरपे तासलेले होते. त्याने अंगठा त्या तिरप्या कापावरून दोनदा फिरवला.

"ये तो तासा हुआ है," तो म्हणाला. आता त्याचा आवाज निराळा होता. "जिसने तासा, वो मिस्त्री अच्छा था." मग अय्यगारुंकडे वळून, जणू हे त्याचेच म्हणणे होते अशा थाटात, तो म्हणाला, "अय्यगारु, ये टेढ़ाइच था. टेढ़ाइच लगाना पड़ता."

माझ्या कागदापेक्षा त्याला त्या कापाने पटवले, हे मी इथे नोंदवते. आणि ते योग्यच होते. तो काप हाच त्याचा कागद होता.

अय्यगारु हसले. त्यांनी सरांच्या खुर्चीजवळ जाऊन त्यांचा हात हातात घेतला आणि आमच्या मराठीत, अडखळत म्हणाले, "सार, बसवू. तुमच्यासारखं."

"माझ्यासारखं नको," सर म्हणाले. "साहेबांसारखं."

दुपारभर काम चालले. दगड ओट्यावर उभा केला, टेकू मागे लावला. तासलेला काप आणि माझ्या चित्रातला कल यांच्यात अर्ध्या अंशाचा फरक आला. तो माझ्या आठवीतल्या हाताचा होता, तेव्हा आम्ही जुन्या मिस्त्रीचे ऐकले. मग चौकोनी दगड, ओट्यावर त्याच्या जुन्या खुणेवर, परत बसवला.

सर उठले. मी त्यांना दगडाजवळ नेले. त्यांनी एक हात दगडाच्या पाठीवर ठेवला, तो सरकवत टेकूपर्यंत नेला आणि जिथे दोन दगड भेटत होते तिथे बोटे थांबवली.  मग हलकेच वाकून म्हणाले, "नमस्कार साहेब."

माझ्याकडे वळून ते म्हणाले, "बस तिथं."

"सर, तिथं साहेब बसतात."

"आज तू बस. मला कधी बसावंसं वाटलं नाही, आणि आता बसून उपयोग नाही. तिथून काय दिसतं ते मला सांग."

मी त्या लहान दगडावर बसले. समोर नाव होते, त्याखाली अंगठ्याचे भोक असलेली पाटी होती, आणि दगडाच्या वरच्या कडेला लागून, पलीकडे, डोंगरांची निळी रांग होती. दगड सरळ उभा असता, तर ती त्याच्याआड गेली असती.

"सर, फार सुंदर—" मी सुरुवात केली.

"ती दुसरी रेघ झाली," सर म्हणाले. "पहिली सांग."

मी डावा डोळा मिटला, हात ताठ समोर धरला, पेन्सिलीवर अंगठा ठेवला आणि डावीकडच्या पहिल्या डोंगरापासून सांगायला सुरुवात केली.